रोल कोरा आला, फोटो धूसर आले: जुना रेंजफाइंडर कॅमेरा घेतल्यावर काय तपासायचं

जुना रेंजफाइंडर हौसेने घेतला, छत्तीस फोटो जपून काढले आणि रोल धुऊन आल्यावर यातलं काही दिसलं, तर हे तुमच्यासाठी:

- निगेटिव्ह आरपार स्वच्छ, एकही फोटो नाही.
- उन्हातले फोटो ठीक, घरातले आणि मांडवातले काळोखात बुडालेले.
- सगळेच फोटो गरजेपेक्षा पांढरे, कपड्यांवरचं नक्षीकाम पार उडालेलं.
- चेहऱ्यावर फोकस जुळवला होता, पण चेहरा धूसर आणि मागची भिंत स्पष्ट.
- बऱ्याच फोटोंवर एकाच कडेला लाल-नारिंगी पट्टा.
- शटरचं बटण कधी दबतं, कधी अडतं.

चाळीसगावात माझ्याकडे दहा-बारा वर्षांपासून असे कॅमेरे येतात. बहुतेक यशिका इलेक्ट्रो ३५, त्याखालोखाल कॅनोनेट, अधूनमधून एखादा सोव्हिएत फेड किंवा झोर्की. कुणाच्या आजोबांच्या कपाटातून निघालेला, कुणी ऑनलाइन मागवलेला. तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी मूळ बहुधा एकच असतं. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी लेन्स वेगळी. लेन्सवर झाकण राहिलं, शटरची (क्षणभर उघडून फिल्मवर उजेड सोडणाऱ्या पडद्याची) पाती चिकटली, लेन्सचा फोकस सरकला, तरी खिडकीतून सगळं छान स्वच्छच दिसतं. कॅमेरा बिघडलाय हे डोळ्याला कळायची सोयच नाही. म्हणून जे फिल्मला दिसतं ते रोल घालण्याआधी एकदा आपण बघून घ्यायचं. आज रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून हजाराच्या पुढेच जातं. खालच्या बहुतेक तपासण्या फुकटात होतात.

आधी निगेटिव्ह हातात घ्या

लॅब नुसते स्कॅन पाठवते, निगेटिव्ह आपण मागायच्या राहून जातात. त्या मागून घ्या आणि खिडकीशी धरून कडेला बघा. फिल्मच्या काठावर कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच उमटवलेले असतात, पण दिसतात धुतल्यावर. आकडे स्पष्ट आहेत आणि मध्ये फोटो नाही, म्हणजे धुलाई बरोबर झाली, फिल्मवर उजेडच पडला नाही. दोष कॅमेऱ्यात किंवा रोल घालण्यात. आकडेसुद्धा नाहीत, तर धुलाईत गडबड. पूर्ण पट्टी काळीकुट्ट असेल तर उजेड शिरला, बहुधा रोल गुंडाळण्याआधी दार उघडलं गेलं.

घरी ब्लॅक अँड व्हाइट धुणाऱ्यांसाठी आपल्याकडची एक गोष्ट. डेव्हलपरचे तक्ते साधारण २० अंशांचे असतात. एप्रिल-मेमध्ये खान्देशात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्यात धुतलेली फिल्म गडद आणि रवाळ येते, आणि माणूस शटरला दोष देतो. बादलीत बर्फ टाकून डेव्हलपरची बाटली त्यात ठेवा आणि थर्मामीटर बघूनच सुरू करा.

रोल खरंच पुढे जातोय का?

कोऱ्या रोलचं सर्वांत साधं कारण हेच. फिल्मचं टोक गुंडाळणाऱ्या दांडीत नीट अडकलेलं नसतं. लिव्हर फिरतो, आकडा पुढे जातो, फिल्म मात्र जागच्या जागी. ओळखायची खूण एकच: दार लावल्यावर डावीकडची रिवाइंडची खुंटी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून आतली ढील काढा, मग लिव्हर ओढा. लिव्हरबरोबर खुंटी फिरली तर फिल्म सरकतेय. नाही फिरली तर त्याच वेळी दार उघडा. दोन इंच फिल्म वाया जाईल, छत्तीस फोटो वाचतील.

झाकणाचं तर काय सांगावं! मी माझ्या रेंजफाइंडरना झाकण लावतच नाही, एक साधा यूव्ही फिल्टर कायमचा बसवून ठेवतो.

सेल

गेल्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका खेड्यातून निवृत्त गुरुजी आले. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला इलेक्ट्रो ३५, अगदी नव्यासारखा. पुतणीच्या लग्नात दोन रोल काढले होते.

"भाऊ, मांडवमजारना येक भी फोटो उना नही."

"गुरुजी, सेल कधी टाकला होता?"

"सेल? त्याले सेल बी लागस का?"

इलेक्ट्रोचं शटर विजेवर चालतं. छिद्र (अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं लहान-मोठं करता येणारं भोक) आपण ठरवायचं, वेळ कॅमेरा ठरवतो. सेल नसला तरी शटर उडतं, आवाजही येतो, पण सुमारे १/५०० सेकंदाच्या एकाच वेगाने. भर उन्हात तेवढ्यावर निभावतं. मांडवाच्या सावलीत फिल्मवर काहीच पोचत नाही. गुरुजींचे दारातले वरातीचे फोटो उत्तम होते, आतले विधींचे सगळे गेले. कॅमेऱ्यात बिघाड काहीच नव्हता.

इलेक्ट्रोला मुळात ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो, फक्त तो आकाराने लहान आहे. त्याभोवती जाड कागदाची नळी करा आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग किंवा घट्ट घडी केलेली अॅल्युमिनियम फॉइल बसवा. मागचं तपासणीचं बटण दाबल्यावर दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर सेलचा कप्पा बघा. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमली असेल तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडं करा. निम्मे 'मेलेले' इलेक्ट्रो एवढ्यावर जिवंत होतात.

कॅनोनेट क्यूएल१७ ची गोष्ट वेगळी. त्याचा सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरता. छिद्राची रिंग 'ए' (ऑटो) वर असताना सेल मेला किंवा उजेड मापात बसत नसला, तर कॅमेरा शटरच अडवतो. लोक बटणावर जोर देतात आणि आतला दांडा वाकवून बसतात. रिंग 'ए' वरून काढून एफ ८ वर आणा (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान). शटर उडलं तर कॅमेरा ठणठणीत आहे. त्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता. त्याजागी श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल बारीक रिंग घालून बसवता येतो, व्होल्टेज जवळपास तेच मिळतं. साधा १.५ व्होल्टचा टाकला तर मीटर उजेड जास्त दाखवतं आणि फोटो काळपट येतात.

शटरची पाती: सगळ्यांत जास्त सापडणारा दोष

आता दार उघडा, रोल नसताना. छिद्र पूर्ण उघडं ठेवा, इलेक्ट्रोत सेल असू द्या, कॅमेऱ्याची पाठ डोळ्यासमोर आणि लेन्स ट्यूबलाइटकडे. लिव्हर ओढा, बटण दाबा. पांढऱ्या उजेडाचं गोल वर्तुळ क्षणभर दिसलं पाहिजे. नुसता 'टिक' आवाज आला आणि वर्तुळ दिसलं नाही, तर पाती चिकटली आहेत. मग छिद्र एफ १६ वर आणून पुन्हा. आता वर्तुळ बारीक दिसायला हवं. मोठंच दिसलं तर छिद्राची पाती अडकलीत, आणि उन्हातले फोटो पांढरे का पडले ते कळलं.

ही तपासणी एकदा करून समाधान मानू नका. चिकट शटरची खोड अशी की दहा-वीस वेळा उडवलं की ते मोकळं होतं आणि रात्रभर पडलं की पुन्हा चिकटतं. विकणारा कॅमेरा दाखवायच्या आधी पाच-पन्नास वेळा उडवतो आणि मग 'टेस्टेड' म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, त्याच्यासमोर शटर खरंच चालतं. म्हणून कॅमेरा रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळचं पहिलं क्लिक उघड्या दारातून बघा. मी पहिल्या क्लिकवरच निकाल देतो. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेलेली पहाट मिळाली तर फारच चांगलं, कारण थंडीत तेल घट्ट होतं आणि लपलेला दोष बाहेर येतो.

हे का होतं? लेन्स पुढे-मागे सरकवणाऱ्या आट्यांना कारखान्यात ग्रीस लावलेलं असतं. पत्र्याच्या खोलीत, लोखंडी कपाटात, आपल्या ४३-४४ अंशांच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं पडून त्या ग्रीसमधलं तेल सुटतं आणि हळूहळू पात्यांवर पसरतं. पाती कागदासारखी पातळ, त्यांच्या स्प्रिंगा नाजूक. तेलाचा डोळ्याला न दिसणारा थरसुद्धा त्यांना पुरतो. भिंगातून बघितलं तर पात्यांवर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते, दुचाकीखाली साचलेल्या पाण्यावर दिसते तशी. ती दिसली की समजा.

वेग मोजायला मोबाइल पुरेसा आहे. कॅमेऱ्याचं दार उघडं, पलीकडे दिवा, आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन. १/३० वर शटर ८ फ्रेम उघडं दिसायला हवं, १/६० वर ४. १/८ वर ३०. एखादी फ्रेम इकडेतिकडे चालते. १/३० ला पंधरा फ्रेम आल्या तर शटर निम्म्या वेगाने चालतंय, आणि फोटो पांढरे पडणारच. १/१२५ च्या वर या पद्धतीवर विसंबू नका, फ्रेम पुरत नाहीत. इलेक्ट्रोमध्ये वेग आपल्या हातात नसतो, त्यामुळे तिथे एवढंच बघा: अंधाऱ्या खोलीत बटण अर्धं दाबल्यावर पिवळा दिवा लागतो का, छिद्र पूर्ण उघडं ठेवून उन्हाकडे धरल्यावर लाल लागतो का, आणि अंधारात शटर खरंच रेंगाळतं का. शिवाय लिव्हर ओढताना आतून एक जाडसर 'टक' ऐकू आला पाहिजे. तो हरवला असेल तर आतला रबराचा छोटा तुकडा वितळून गेलाय. त्याशिवाय वेळ ठरवणारी यंत्रणा नीट तयार होत नाही. हे काम वरचं झाकण काढून करायचं आहे, कारागिराकडेच द्या.

तेलाचा थर साफ करणं घरी जमतं, पण दोन अटींवर: पुढची नावाची रिंग आणि लेन्सचा पुढचा गट जोर न लावता सुटला पाहिजे, आणि कॅमेरा इलेक्ट्रो नसावा, कारण तिथे तारा आहेत. कापसाच्या काडीला लायटरचं पेट्रोल लावायचं, जास्तीचं झटकायचं, पात्यांवरून फिरवायचं, काडी बदलायची. शटर उडवायचं, पुन्हा पुसायचं. आठ-दहा काड्या लागतात. पेट्रोल थेट ओतू नका. तेल विरघळून आणखी आत जातं आणि पंधरा दिवसांनी परत येतं. पंखा चालू, खिडकी उघडी, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. आणि पात्यांवर कसलंही तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारू नका. असा स्प्रे मारलेले तीन कॅमेरे माझ्याकडे आले, तिन्ही पूर्ण उघडावे लागले.

सेल्फ टायमरच्या दांडीला हात लावू नका. जुन्या कॅमेऱ्यांत ती अर्ध्यावर अडकते आणि शटरही अडकवून ठेवते.

रशियन झोर्की-४ सारख्या कॅमेऱ्यांचा नियम वेगळा: आधी लिव्हर किंवा खुंटीने शटर भरायचं, मगच वेग बदलायचा. उलटं केलं तर आतली रचना बिघडू शकते. त्यांचं शटर रबरी कापडाचं असतं. लेन्स उन्हाकडे करून टेबलावर ठेवला तर सूर्याचा ठिपका कापडाला बारीक भोक पाडतो, आणि मग फोटोंवर एकाच जागी उजेडाचा ठिपका येतो. अंधाऱ्या खोलीत लेन्समधून टॉर्च मारून दार उघडं ठेवून बघा, भोक असेल तर चांदणीसारखं चमकतं.

फोकस: खिडकीवर विश्वास ठेवण्याआधी

खिडकीच्या मध्ये पिवळसर चौकोन असतो, त्यात दोन प्रतिमा दिसतात. त्या एकावर एक आल्या की फोकस झाला. निदान तसं असायला हवं. पन्नास वर्षांत कॅमेरा दोन-चार वेळा पडलेला असतो आणि आतला आरसा केसभर हललेला असतो.

फोकसची रिंग अनंताच्या (∞) खुणेवर न्या आणि लांबची उभी वस्तू बघा. मी गच्चीवरून दीड-दोन किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर धरतो. स्वच्छ दिवशी कन्नड घाटाच्या डोंगराची कडा दिसते, रात्री चंद्र. दोन टॉवर शेजारी शेजारी दिसले तर आडवा फरक, एक वर आणि एक खाली दिसला तर उभा. उभ्या फरकाने फोकस फारसा चुकत नाही, फक्त जुळवायला त्रास होतो. आडवा फरक फोटो बिघडवतो.

आता लेन्सला काय दिसतंय ते बघायचं. दार उघडा, आतल्या दोन गुळगुळीत पट्ट्यांवर, जिथे फिल्म टेकते तिथे, दुधी रंगाची चिकटपट्टी ताणून लावा. सुरकुती नको. शटर 'बी' वर (बटण दाबून धराल तोवर उघडं राहतं), केबल रिलीजने, म्हणजे बटणाला जोडायच्या तारेने, उघडं धरा, छिद्र पूर्ण उघडं. पट्टीवर समोरचं दृश्य उलटं उमटतं. भिंगाने बघा. ज्या गावात छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) यांनी घरातल्या टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंमधून आख्खी दृश्यं उभी केली, तिथे मी टेबलावर तीन आगपेट्या मांडतो: एक मीटरवर मधली, एक दहा सेंटिमीटर पुढे, एक दहा मागे. खिडकीतून मधलीवर फोकस जुळवायचा आणि पट्टीवर कोणती पेटी स्पष्ट दिसते ते बघायचं. मधलीवरची छापील अक्षरं वाचता आली तर हा कॅमेरा चेहऱ्यांसाठी वापरा. पुढची किंवा मागची स्पष्ट असेल तर जुळवणी करावी लागेल.

चौकोनच फिका पडला असेल तर खिडकीच्या पुढच्या काचेवर मधोमध काळ्या टेपचा चार मिलिमीटरचा तुकडा चिकटवून बघा. मूळ प्रतिमा तेवढ्या जागेत दबते आणि दुसरी उठून दिसते. आतला अर्धपारदर्शक आरसा पुसायला जाऊ नका, त्याचा मुलामा एका फटक्यात निघून येतो.

फोम आणि बुरशी

लाल-नारिंगी पट्टा म्हणजे दाराच्या खाचेतला, उजेड अडवणारा फोम गेला. बोट लावलं तर डांबरासारखं काळं चिकटतं. लाकडी टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, कॅमेरा उलटा धरून, म्हणजे कचरा शटरवर पडणार नाही. खाचांमध्ये काळी लोकर दाबून बसवा, बिजागरीच्या बाजूला काळ्या मखमलीची पट्टी. वीस-तीस रुपयांत काम होतं आणि कारखान्यातल्या फोमपेक्षा जास्त टिकतं.

बुरशीसाठी शटर 'बी' वर उघडून लेन्समधून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. थोडीशी असेल तर फोटोत फरक पडत नाही, पण ती काचेवरचा लेप खात जाते. चामड्याच्या म्यानात कॅमेरा ठेवू नका, पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे.

इथे थांबा

लेन्सची रिंग साध्या जोराने सुटत नसेल, पाती वाकलेली किंवा एकमेकांवर चढलेली दिसली, लिव्हर अर्ध्यावर अडकला, इलेक्ट्रोला नवा सेल घालूनही दिवे लागत नाहीत, फोकसच्या रिंगच्या आट्या उघडाव्या लागतील असं वाटलं, किंवा कापडी शटरला भोक आहे, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. आट्या एकदा सुटल्या की त्या कुठून सुरू झाल्या होत्या हे खुणेशिवाय सापडत नाही, आणि मग अनंतही हरवतं. रेंजफाइंडरच्या जुळवणीचे स्क्रू बहुतेक कॅमेऱ्यांत वरच्या पत्र्याखाली असतात. ते मी स्वतः करतो, पण पहिल्या कॅमेऱ्यावर कुणी करू नये.

जुने कॅमेरे उघडणारे कारागीर आता थोडे उरलेत. आपल्याकडून मुंबईला रात्रीच्या गाडीने जाता येतं, फोर्ट भागात अजून काही जण बसतात. नेताना चिठ्ठी लिहून न्या: सकाळच्या पहिल्या क्लिकला काय होतं, कोणत्या वेगावर किती फ्रेम आल्या, एक मीटरवर कोणती आगपेटी स्पष्ट दिसली. 'चालत नाही' एवढंच सांगितलं तर तो समोर दोनदा उडवेल, शटर चालेल आणि कॅमेरा तसाच परत मिळेल. शटर आणि रेंजफाइंडर दोन्हीचे पैसे आधी विचारा. कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त सांगितले तर दुसरा कॅमेरा घेणं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातला वारशाचा असेल तर मात्र पैसे घाला.

पहिला रोल

सगळं नीट असेल तर पहिला रोल लग्नावर किंवा सहलीवर घालवू नका. वही घ्या आणि प्रत्येक फ्रेमचं छिद्र, वेग आणि अंतर लिहा. चार-पाच फोटो छिद्र पूर्ण उघडं ठेवून एक, दोन आणि तीन मीटरवर, सावलीत. बाकीचे उन्हात. मीटरवर भरवसा नसेल आणि वेग हाताने ठेवता येत असेल, तर स्वच्छ उन्हात एफ १६ आणि रोलच्या आयएसओच्या (डबीवर छापलेल्या आकड्याच्या) जवळचा वेग: २०० च्या रोलला १/२५०. आपल्या मे महिन्याच्या दुपारी हे बरोबर बसतं, केळीच्या बागेत शिरलात तर तीन-चार स्टॉप उघडा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). जवळून काढताना डोक्यावर थोडी जास्त जागा सोडा, कारण खिडकी लेन्सच्या वर आहे. कॅमेरा दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नका.

रोल संपला की लिव्हर घट्ट होतो, तिथे ओढाताण नको. तळाचं छोटं बटण दाबा आणि रिवाइंडची खुंटी बाणाच्या दिशेने फिरवा. हाताला ओढ लागते, मग एका क्षणी ती सुटते आणि खुंटी एकदम हलकी होते. आणखी तीन-चार फेरे द्या, आणि मगच दार उघडा.